गाडी टोटल लॉस झाली आणि कंपनी कमी पैसे सांगतेय? सहीआधी वजाबाकी लेखी मागा

विमा कंपनीचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्येच होते. "मॅडम, तुमची गाडी टोटल लॉसमध्ये गेली. अशा गाडीला आज बाजारात साडेतीन लाखच येतात. भंगाराचे एक लाख दहा हजार वजा केले की दोन लाख चाळीस हजार बसतात. संमतीपत्र मेल करतो, आजच सही करून पाठवा."

टोटल लॉस म्हणजे दुरुस्तीला इतका खर्च येतो की कंपनी गाडी मोडीतच धरते. मी सही केली नाही. साडेचार महिन्यांनी माझ्याकडे एकूण ४,६१,००० रुपये आले. मधल्या काळात काय लिहिलं, कोणाला लिहिलं आणि कुठे अडले, ते इथे मांडते आहे. ज्यांची गाडी आत्ता गॅरेजच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांना हे आजच हवं आहे.

पतसंस्थेत मी बावीस वर्षं हिशेब लिहिले. त्यामुळे फोनवर आकडे ऐकले की पहिला प्रश्न सुचतो तो एवढाच: वजाबाकी कशातून सुरू केली? इथे ती साडेतीन लाखांतून सुरू झाली होती. माझ्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर मात्र गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी ठरलेली किंमत, ४,६२,००० होती.

सगळा वाद या एका आकड्यावर उभा राहतो, म्हणून तो नीट समजून घ्या. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या अटी अजूनही २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफच्या, म्हणजे मोटार विम्याच्या जुन्या नियमावलीच्या, शब्दांवर चालतात. पॉलिसी घेताना गाडी बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलची जाहीर केलेली विक्री किंमत धरायची आणि त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. माझ्या मॉडेलची किंमत ७,७०,००० होती आणि गाडीला चौथं वर्ष चालू होतं. ४० टक्के गेले, उरले ४,६२,०००. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक एकमेकांच्या संमतीने ठरवतात.

याच्या पुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. टोटल लॉसच्या क्लेमसाठी ही आयडीव्ही हाच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत बाजारभाव मानायचा, त्यावर पुन्हा घसारा लावायचा नाही. म्हणजे जुन्या गाड्यांच्या वेबसाइटवर तशी गाडी कितीला आहे, किलोमीटर किती झालेत, आधी कुठे घासली होती, या गोष्टींना इथे जागाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात हेच सांगितलं: विमा देताना गाडीची जी किंमत कंपनीने मान्य केली, तिला ती बांधील आहे. मी या निकालाचा उल्लेख पहिल्याच मेलमध्ये केला.

हा नियम दोन्ही बाजूंना लागतो हेही सांगायला हवं. हप्ता कमी पडावा म्हणून एजंटच्या सांगण्यावरून आयडीव्ही खाली आणली असेल, तर टोटल लॉसला तोच खालचा आकडा हातात येतो. तिथे भांडून फारसं काही निघत नाही.

आता गाडी टोटल लॉसमध्ये जाते कधी? दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की. माझ्या बाबतीत ही रेषा ३,४६,५०० ला होती. गॅरेजचं एस्टिमेट ५,१०,००० आलं. पण सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला माणूस, एस्टिमेट जसंच्या तसं धरत नाही. तो आधी पार्टवरचा घसारा काढतो: प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, काचेवर शून्य, पत्र्याच्या भागांवर वयाप्रमाणे. माझं असं निव्वळ मूल्यांकन ३,९०,००० झालं, म्हणून रेषा ओलांडली गेली. ओळखीतल्या एकांना उलटा अनुभव आला: गाडी खरं तर मोडीत जायला हवी होती, आणि सर्व्हेअरने "बदला" लिहिलेले सात पार्ट "दुरुस्त करा" करून आकडा रेषेच्या खाली आणला. तुमच्या बाबतीत तसं होत असेल, तर गॅरेजच्या सुपरवायझरकडून त्या पार्टबद्दल लेखी घ्या की ते दुरुस्त होत नाहीत. चेसिसचा पुढचा भाग वाकला असेल तर मोजमापाची प्रिंट आणि फोटो घ्या. तोंडी बोलण्याचा इथे काही उपयोग होत नाही.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. विमाधारकाला ती मिळते. मला दोनदा "तो अंतर्गत कागद आहे" असं सांगितलं गेलं. तिसऱ्या मेलमध्ये मी २०१५ च्या सर्व्हेअर नियमांचा उल्लेख केला आणि दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली. त्यात काय होतं बघा: सर्व्हेअरने आयडीव्ही ४,६२,००० हीच लिहिली होती! साडेतीन लाख हा आकडा अहवालात कुठेच नव्हता, तो फोनवरच जन्माला आला होता. त्या संध्याकाळी मी खरंच रडले. रागाने रडले, कारण मी प्रत मागितली नसती तर तो आकडा खरा धरून गप्प बसले असते.

अहवालच तुमच्या विरोधात असला तरी हातपाय गाळू नका. न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नाही. सबळ कागद असतील तर तो बाजूला ठेवता येतो.

आता भंगाराकडे येते, कारण आयडीव्ही मान्य झाल्यावर पैसे इथेच कापले जातात. पॉलिसीचे शब्दच असे आहेत की टोटल लॉसमध्ये कंपनी आयडीव्हीतून मोडक्या गाडीची किंमत (सॅल्व्हेज) वजा करून उरलेले पैसे देते. ही किंमत बहुधा ऑनलाइन लिलावातल्या सर्वांत वरच्या बोलीवरून धरतात. ती रक्कम तुम्हाला भंगारवाल्याकडून मिळेल, बाकीची कंपनीकडून, असा हिशेब असतो. बोलीला मुदत असते. कागद फिरत राहतात, मुदत संपते, बोली लावणारा मागे हटतो, आणि वजावट मात्र जुन्याच आकड्याची राहते. माझा १,१०,००० वाला चाळिसाव्या दिवशी फोनच उचलेना. नवा माणूस आला तो ७८,००० वर. मधले ३२,००० माझ्या खिशातून जाणार होते.

तेव्हा मी लिहिलेला मेल देते. आकडे बदलून वापरा:

"आपण सॅल्व्हेजपोटी १,१०,००० रुपये वजा करत आहात. या किमतीला गाडी घेणारा खरेदीदार आजच्या तारखेला उपलब्ध नाही. तरी कृपया पुढीलपैकी एक करावे: त्याच किमतीचा खरेदीदार सात दिवसांत आणून द्यावा, किंवा गाडी त्याच किमतीला कंपनीने स्वतः ताब्यात घ्यावी, किंवा प्रत्यक्ष मिळणारे ७८,००० रुपयेच वजा करावेत. बोलीची तारीख, मुदत आणि सर्व बोलींची यादी पाठवावी. विलंब माझ्यामुळे झालेला नाही. कागदपत्रे दिल्याच्या तारखा सोबत जोडल्या आहेत."

शेवटी कंपनीने तिसरा पर्याय स्वीकारला. ४,६२,००० मधून मालकाने स्वतः सोसायची सक्तीची वजावट १,००० (१५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाला एवढी, त्यावर २,०००) आणि भंगाराचे ७८,०००. कंपनीकडून ३,८३,००० आले, भंगारवाल्याकडून ७८,०००. यादीत आणखी काही वजा दिसलं तर ते पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, असं एकेका ओळीला विचारा.

बोलीसोबत "आरसीसह की आरसी रद्द करून" हा प्रश्नही येतो. आरसीसह दिली तर भंगाराला जास्त पैसे येतात, आणि कंपनीला ते सोयीचं पडतं. मी नकार दिला. आरटीओच्या दप्तरी नाव तुमचंच राहिलं आणि त्या नंबरची गाडी उद्या कुणाला धडकली, तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. २०१८ च्या नवीन कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून हा धोका कुणी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तरी आरसीसह द्यायचीच असेल तर नाव बदलल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.

संमतीपत्रावर किंवा "पूर्ण आणि अंतिम" लिहिलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर (हिशेब मिटल्याच्या पावतीवर) घाईने सही करू नका. घरात पैशांची नड असेल आणि सही करावीच लागली, तर त्याआधी मेल करा की रक्कम मान्य नाही, वाद राखून स्वीकारत आहे. अशी सही केल्याने जास्त भरपाई मागण्याचा हक्क जात नाही, असं इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०१५ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे. पण मेलची नोंद नसेल तर दबाव होता हे सिद्ध करणं जड जातं.

आता दाद कुठे मागायची. २०२४ च्या इर्डाच्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. या तारखा वहीत लिहून ठेवा. त्या चुकल्या किंवा आकडा पटला नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा आणि तीच तक्रार इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाका. टोल फ्री क्रमांक १५५२५५. कॉल सेंटरवर दिलेली तक्रार मी तक्रार समजत नाही.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, की विमा लोकपाल. आपल्याकडे मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत, तक्रार ऑनलाइनही होते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. माझं प्रकरण सुनावणीपर्यंत गेलंच नाही. लोकपालांची नोटीस पोचल्यावर नवव्या दिवशी कंपनीचा सुधारित हिशेब आला.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. दोन वर्षांची मुदत असते, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. मात्र तिथे प्रकरण चालू असताना लोकपालांकडे जाता येत नाही, म्हणून मी तरी आधी लोकपाल गाठा असंच सांगेन.

गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. बाकी किती ते पत्र आधीच काढून ठेवा, नाहीतर आठवडे त्यातच जातात. गॅरेज पार्किंगचं भाडं लावत असेल तर कंपनीला लेखी विचारा की गाडी कुठे ठेवू. उत्तर येईपर्यंतचं भाडं कुणी द्यायचं हा वाद मग तुमच्या बाजूने झुकतो.

आणि गाडी हलण्याआधी: मोडीत निघालेल्या गाडीची खबर मालकाने १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे. आरसी जमा केल्याची पोच घ्या, भंगारवाल्याकडून ताबा पावती घ्या, त्यावर तारीख आणि वेळ लिहायला लावा, फास्टॅग बंद करा. मी दोन्ही नंबर प्लेट स्वतः उभी राहून काढून घेतल्या.