रेल्वेची छायाचित्रे टिपताना आणि इतरांना पाठवताना या चुका टाळा

दर वर्षी १६ एप्रिल जवळ आला की १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या प्रवासी गाडीची म्हणून काही छायाचित्रे रेल्वेप्रेमींमध्ये फिरू लागतात आणि त्यांत ‘फेअरी क्वीन’ या इंजिनाचेही छायाचित्र दिसते. हे इंजिन लीड्सच्या कारखान्यात १८५५ साली बांधले गेले आणि ते धावले ईस्ट इंडियन रेल्वेवर, म्हणजे बंगालच्या बाजूला. ठाण्याच्या गाडीच्या तीन इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगितली जातात. छायाचित्र खरे असते, इंजिनही खरे असते, खोटी असते ती फक्त खाली लिहिलेली ओळ. रेल्वेच्या छायाचित्रांत होणाऱ्या सगळ्या चुकांमध्ये ही सर्वांत महागात पडणारी आहे, कारण धूसर चित्र कोणालाही धूसरच दिसते, पण चुकीची नोंद वाचणाऱ्याला खरी वाटते आणि एकदा चार ठिकाणी गेली की ती मागे घेता येत नाही. म्हणून आधी नोंदीतल्या चुकांविषयी लिहिणे आवश्यक वाटते. कॅमेऱ्याच्या अडचणी त्यामानाने सहज सुटतात.

तारीख आणि ठिकाण नंतर आठवून लिहिणे

मोबाइलने किंवा कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ आणि चालू असल्यास ठिकाणही साठवलेले असते. तीच फाइल व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोच्या रूपात पाठवली की ही सगळी माहिती गळून पडते, आणि फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती छायाचित्र काढल्याची नसून व्हॉट्सअॅपवरून आल्या-गेल्याची असते. अनेक जण काही वर्षांनी त्याच नावावरून तारीख लिहितात आणि बंद पडलेली गाडी बंद झाल्यानंतरही धावताना दाखवतात. मूळ फाइल पाठवायची असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी आणि आपल्याकडची मूळ प्रत कधीही पुसू नये. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असणे ही आणखी एक नित्याची अडचण आहे. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की काही कॅमेरे मूळच्या तारखेवर परत जातात. त्यावर सोपा उपाय असा की बाहेर पडल्यावर पहिले छायाचित्र स्थानकातल्या घड्याळाचे काढावे, म्हणजे फरक किती आहे ते पुढे केव्हाही कळते.

ठिकाणाच्या बाबतीत ‘कर्जतजवळ’ किंवा ‘घाटात’ एवढे लिहिणे पुरेसे नसते. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर ओव्हरहेड तारांच्या प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवलेला असतो. त्यातला आधीचा आकडा किलोमीटरचा आणि नंतरचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा असतो. सुरक्षित जागेवरून दिसणारा असा एखादा खांब चौकटीत आला तर त्या छायाचित्राची जागा पन्नास वर्षांनीही काही मीटरच्या आत शोधता येते. गाडी अप होती की डाउन, हेही लिहावे.

जुन्या छायाचित्राचे वर्ष अंदाजाने ठरवणे

घरातल्या अल्बममधले किंवा कोणा निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याकडून मिळालेले छायाचित्र पाहून ‘साधारण १९७५’ असे लिहून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि आधी छायाचित्रच नीट वाचावे, कारण भारतीय रेल्वे आपल्या डब्यांवर आणि फलकांवर इतके काही लिहून ठेवते की निदान एक मर्यादा तरी हमखास हाती लागते. डब्याच्या बाजूला असलेला पाच आकडी क्रमांक घेऊ. त्यातले पहिले दोन आकडे सर्वसाधारणपणे डब्याच्या बांधणीचे वर्ष दाखवतात. क्रमांक ९४ ने सुरू होत असेल, तर ते छायाचित्र १९९४ च्या आधीचे असू शकत नाही. हा आकडा फक्त खालची मर्यादा देतो, हे मात्र विसरू नये. डबा पुढे दोन-अडीच दशके धावू शकतो, त्यामुळे ‘डबा १९९४ चा म्हणून छायाचित्र १९९४ चे’ असे म्हणणे हीसुद्धा चूकच. वरची मर्यादा दुसरीकडून मिळते. डब्यावरच्या पाटीवर गाडीचा क्रमांक चार आकडी असेल तर छायाचित्र बहुधा २० डिसेंबर २०१० च्या आधीचे आहे, कारण त्या दिवसापासून गाड्यांचे क्रमांक पाच आकडी झाले. या दोन खुणा एकाच चित्रात सापडल्या की ‘१९९४ ते २०१०’ असे लिहिता येते, आणि अशी प्रामाणिक मर्यादा कोणत्याही अंदाजी वर्षापेक्षा कितीतरी उपयोगी असते.

स्थानकांची नावेही असाच आधार देतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी २०१८ मध्ये झाले. नवे नाव दिसले तर छायाचित्र त्यानंतरचे, हे नक्की. जुने नाव दिसले तर मात्र थोडे सबुरीने घ्यावे, कारण एखाद्या कोपऱ्यातली जुनी पाटी बदलायची राहून गेलेली असू शकते. काही नावे तर सरळ दिशाभूल करतात. ‘बार्शी रोड’ असा फलक दिसला की ते बार्शी गावचे स्थानक समजले जाते. प्रत्यक्षात ते आजच्या कुर्डुवाडीचे जुने नाव आहे, जिथून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी बार्शीकडे निघू लागली. ही गफलत झाली की संपूर्ण चित्राचा अर्थ बदलतो, कारण कुर्डुवाडीला ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारी-शेजारी होते.

रेल्वे प्रशासनाचे नाव लिहितानाही आजची व्यवस्था मागे ढकलू नये. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी अस्तित्वात आली, त्यामुळे १९४० च्या दशकातल्या इगतपुरीच्या छायाचित्राखाली ‘मध्य रेल्वे’ लिहिणे चूक आहे. तिथे ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ असेच हवे. सोलापूरचे उदाहरण त्याहून नाजूक आहे. तो विभाग ऑक्टोबर १९६६ मध्ये नव्याने झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ मध्ये पुन्हा मध्य रेल्वेकडे आला. मधल्या अकरा वर्षांतल्या सोलापूर यार्डाच्या चित्रांवर सरसकट ‘मध्य रेल्वे’ लिहिलेले आढळते, आणि कोणाला त्यात वावगेही वाटत नाही.

वाफेच्या इंजिनाचे चित्र असले की ‘स्वातंत्र्यपूर्व काळ’ असे लिहिण्याची सवयही सोडायला हवी. ब्रॉडगेजवर वाफेची इंजिने नियमित सेवेत १९९५ पर्यंत होती. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरच्या ‘शकुंतले’ला १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन होते आणि तिथे डिझेल इंजिन आले ते १५ एप्रिल १९९४ रोजी. म्हणजे शकुंतलेचे वाफेच्या इंजिनासह काढलेले छायाचित्र रंगीतही असू शकते, आणि ते काढणारी व्यक्ती आज आपल्याशी बोलूही शकते. तिला विचारावे.

गेज आणि इंजिनाचा वर्ग डोळ्यांनी ठरवणे

‘नॅरोगेज’ हा शब्द दोन वेगळ्या रुंदीच्या मार्गांना वापरला जातो. नेरळ–माथेरान हा १९०७ साली सुरू झालेला मार्ग ६१० मिलिमीटरचा आहे, तर बार्शी आणि शकुंतला हे मार्ग ७६२ मिलिमीटरचे होते. इंजिनाच्या वर्गातले पहिले अक्षर हाच फरक सांगते: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे ७६२ मिलिमीटर आणि एन म्हणजे ६१० मिलिमीटर. अक्षर वाचता येत असताना रुळांतले अंतर नजरेने मोजत बसू नये.

विजेच्या इंजिनांत सर्वाधिक गोंधळ प्रवासी गाड्यांचे डब्ल्यूएपी-७ आणि मालगाड्यांचे डब्ल्यूएजी-९ यांच्यात होतो, कारण दोन्हींची चेहरेपट्टी जवळजवळ एकच आहे. रंगावरून ओळखू म्हणावे तर इंजिनाची देखभाल करणाऱ्या शेडनुसार रंग बदलतात, जाहिरातीचे वेष्टन चढते, आणि मालगाडीचे इंजिन अडचणीच्या वेळी प्रवासी गाडीलाही लागते. इंजिनावर वर्ग, क्रमांक आणि शेड हे तिन्ही लिहिलेले असतात. ते वाचता येत नसतील तर ‘वर्ग स्पष्ट नाही’ असे लिहावे. त्याने छायाचित्राची किंमत कमी होत नाही.

धावत्या गाडीच्या चित्रातल्या अडचणी

ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर सरकते. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवला तर तेवढ्या वेळात ती साडेपाच सेंटिमीटर पुढे गेलेली असते, आणि बाजूने काढलेल्या चित्रात इंजिनाचा क्रमांक पुसट येतो. १/२००० ला हेच अंतर दीड सेंटिमीटरच्या आत येते. समोरून तिरकस येणाऱ्या गाडीला इतका वेग लागत नाही. मोबाइलमध्ये आणखी एक दोष दिसतो: अगदी जवळून आडवी जाणारी गाडी एका बाजूला कललेली येते. मोबाइलचा सेन्सर चित्र एका क्षणात न टिपता ओळीओळीने टिपतो आणि तेवढ्यात डबा सरकतो, म्हणून हे घडते. हा कल संगणकावर ओढूनताणून सरळ करण्यापेक्षा दूर उभे राहून तिरकस कोन घेतलेला बरा.

लोकलच्या कपाळावरचे एलईडी अक्षर अर्धवट येते, ही तक्रारही नेहमीची आहे. ते दिवे सेकंदात अनेकदा लागतात-विझतात, त्यामुळे जलद शटरला अक्षराचा एखादाच तुकडा सापडतो. धावती गाडी आणि पूर्ण अक्षर या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात मिळवण्याचा हट्ट धरू नये. गाडी फलाटावर थांबली की १/१०० च्या आसपास शटर ठेवून फलकाचे वेगळे चित्र घ्यावे. इंजिन जवळ येताच सगळे चित्र काळवंडत असेल तर दोष हेडलाइटचा असतो. त्या प्रखर दिव्यामुळे कॅमेरा प्रकाश कमी करतो, म्हणून गाडी दिसण्यापूर्वीच, ती जिथे हवी तिथल्या खडीवर फोकस आणि प्रकाश दोन्ही लॉक करून ठेवावेत.

उन्हाळ्यात दुपारी लांब लेन्सने काढलेली चित्रे कितीही काळजी घेतली तरी लिबलिबीत येतात. तापलेल्या खडीवरची हवा थरथरत असते आणि त्यावर सकाळी लवकर जाण्याखेरीज उपाय नाही. पावसाळ्यात घाटात वातानुकूलित डब्यातून उतरल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते; ती पुसत बसू नये, कॅमेरा बंद पिशवीत ठेवून त्याला बाहेरच्या हवेइतके उबदार होऊ द्यावे.

रुळांच्या जवळ जाणे

येथे कसलीही सूट नाही. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, पण कायद्याआधी जीव आहे. एका मार्गावरून जाणाऱ्या मालगाडीच्या आवाजात दुसऱ्या मार्गावरची गाडी ऐकू येत नाही, आणि गाडी नेहमीच्याच दिशेने येईल याचीही खात्री नसते. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तिला स्पर्श व्हावा लागत नाही, पुरेसे जवळ गेले तरी पुरते. म्हणून पादचारी पुलावर सेल्फी-स्टिक किंवा ट्रायपॉड कधीही उंचावू नये. लोकोपायलटवर फ्लॅश मारू नये. आणि अशा धोक्याच्या जागेवरून काढलेले चित्र कितीही सुरेख असले तरी त्याचे कौतुक करू नये, कारण पुढचा मुलगा ते कौतुक पाहूनच तिथे जातो.

टाकून दिलेल्या मार्गांविषयीचे गैरसमज

जुन्या रुळाच्या बाजूवर कारखान्याचे नाव आणि वर्ष उठावात असते. ते वर्ष रुळाचे असते, मार्गाचे नव्हे. मुख्य मार्गावरून काढलेले रूळ साइडिंगला आणि शाखामार्गांना वापरले जात, फलाटाच्या छपराचे खांब म्हणूनही उभे केले जात. त्यामुळे खांबावरचे वर्ष वाचून स्थानकाचे वय ठरवणे धोक्याचे आहे. उठावातल्या अक्षरांचे चित्र घेताना प्रकाश बाजूने येऊ द्यावा, समोरून आला की अक्षरे सपाट होतात. आणि बंद मार्गावर सापडलेली फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) किंवा पाटी उचलून आणू नये. ती जिथे आहे तिथेच काही सांगते. ज्या ठिकाणी अशा वस्तू अजून शाबूत आहेत, तिथला नेमका नकाशाबिंदू सर्वांसाठी खुला न करता जाणकारांपुरता ठेवणे मला योग्य वाटते.

स्कॅन आणि दुरुस्ती

निगेटिव्ह किंवा स्लाइड उलटी ठेवून स्कॅन झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अक्षरे दिसत असतील तर चूक लगेच कळते. दिसत नसतील तर दुहेरी मार्गावरची गाडी पाहावी. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने धावतात. एकेरी नॅरोगेजवर तोही आधार नसतो, तेव्हा फलाटावरच्या माणसाच्या सदऱ्याचा खिसा पाहावा, तो बहुधा त्याच्या डाव्या बाजूला असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र ‘सुस्पष्ट’ करून देणारी साधने अलीकडे फार वापरली जातात आणि त्यांच्यामुळे होणारी हानी गंभीर आहे. पुसट झालेल्या ३ चा ८ होतो, डब्यावरचे देवनागरी अक्षर कोणत्याच लिपीत नसलेल्या आकारात बदलते, आणि पाहणाऱ्याला ते मूळचेच वाटते. असे चित्र पाठवायचेच असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि मूळ स्कॅन सोबत द्यावा. कृष्णधवल चित्रात भरलेल्या रंगांनाही हेच लागू आहे. स्वतःच्या नावाचा शिक्का इंजिनाच्या क्रमांकावर मारू नये, आणि दुसऱ्याच्या चित्रावरचा शिक्का कापूनही टाकू नये.

कागदी छायाचित्र स्कॅन करताना त्याची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले एखादे स्थानकाचे नाव, कोणा फायरमनचे आडनाव हे तिथेच असते. आपल्याला नवी नोंद करायची असेल तर ती छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने करू नये, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल वापरावी, आणि जुन्या हस्ताक्षराच्या जवळ न लिहिता वेगळ्या कोपऱ्यात तारखेसह लिहावे.