गाडीची घरच्या घरी तपासणी आणि डॅशबोर्डवरील दिव्यांचा अर्थ

सोलापुरातील बहुतेक घरगुती गाड्या आठवडाभर सात रस्ता, नवी पेठ, होटगी रस्ता अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारतात आणि एखाद्या रविवारी किंवा पौर्णिमेला अचानक तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, नाहीतर थेट पुणे गाठायला निघतात. शहरातल्या चाळीसच्या वेगात गाडीचे बरेच दोष झाकले जातात आणि राष्ट्रीय महामार्ग ६५ वर तासभर ऐंशी-नव्वदने पळाल्यावर ते एकदम उघडे पडतात. डॅशबोर्डवर दिवा लागलेला नाही म्हणजे गाडी ठणठणीत आहे, असे अनेकजण धरून चालतात. पण दिवा लागायला त्या ठिकाणी सेन्सर असावा लागतो. टायरच्या कडेला पडलेली भेग, कडक झालेले वायपरचे रबर किंवा इंजिनचा ढिला झालेला पट्टा यांची दखल कोणताच दिवा घेत नाही. शिवाय ज्या बिघाडांसाठी दिवा दिलेला आहे, त्यांतले काही दिवे नुकसान सुरू झाल्यावरच पेटतात. म्हणून डोळ्यांनी करायची तपासणी आणि दिव्यांचे वाचन ही दोन्ही कामे चालकाला यायला हवीत.

तपासणीसाठी सकाळची वेळ निवडावी, कारण तेव्हा इंजिन आणि टायर दोन्ही थंड असतात. गाडी सपाट जागी उभी करावी आणि सुरुवात टायरपासून करावी. आपल्याकडील उन्हाचा सर्वांत मोठा मार टायरवर बसतो आणि गैरसमजही याच बाबतीत सर्वाधिक आहेत. उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून दोन-चार पॉइंट कमी हवा ठेवावी, असा सल्ला पंपावरही मिळतो आणि घरातली वडील मंडळीही देतात. हा सल्ला घातक आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्याच्या कडा जास्त वाकतात, त्या वाकण्यातून उष्णता तयार होते आणि बेचाळीस अंशांच्या दुपारी तापलेल्या डांबरावर नेमका असाच टायर फुटण्याची शक्यता वाढते. योग्य दाबाचा टायर तापल्यावर त्याचा दाब थोडा वाढणार, हे कंपनीने आधीच हिशेबात धरलेले असते.

योग्य दाब किती, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. त्यावर कमी प्रवासी आणि पूर्ण भार यांसाठी वेगवेगळे आकडे असू शकतात. पाचजण आणि डिकीभर सामान घेऊन निघताना दुसरा आकडा पाहावा. टायरच्या कडेवर छापलेला दाबाचा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे १ पीएसआयने (पंपावर ज्याला पॉइंट म्हणतात त्याने) वाढतो. त्यामुळे दुपारी मोहोळहून परतताना पंपावर ३३ ऐवजी ३७ दिसले, तर हवा सोडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजावी.

हवा मोजून झाली की टायरवरून हात फिरवावा. कडेला फुगवटा आला असेल, तर आतील धागे तुटलेले आहेत असे समजून तो टायर बदलावा. अशा टायरला दुरुस्ती नाही. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर लहान आडवे उंचवटे असतात आणि टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खाच १.६ मिमी उरलेली असते. कारच्या टायरची कायदेशीर मर्यादा तीच आहे, पण पावसाळ्यात पुण्याचा रस्ता धरायचा असेल, तर तिथपर्यंत थांबू नये असे माझे मत आहे. कडेवरच्या लंबगोलातील चार आकडे टायरच्या जन्माचे असतात: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. कमी वापराच्या गाडीत खाचा भरपूर शिल्लक असूनही रबर वयाने आणि उन्हाने चिरलेले असते, ते या आकड्यांवरून लक्षात येते.

शहराबाहेर शेताच्या कडेला गाडी लावणाऱ्यांनी वेड्या बाभळीच्या काट्याकडे विशेष लक्ष द्यावे. ट्यूबलेस टायरमध्ये हा काटा रुतून बसतो आणि हवा इतकी हळू सोडतो की आठ दिवस काही कळत नाही. एकच टायर दर आठवड्याला दोन-तीन पॉइंट कमी भरत असेल, तर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे पाहावेत. पंक्चरवाले व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावून पाहतात, तेही याच तत्त्वावर. तिथे बुडबुडा आला, तर टायर नव्हे, व्हॉल्व्ह बदलायचा असतो. स्टेपनीची हवा मात्र हमखास विसरली जाते, आणि जॅक व पाना डिकीत आहेत की नाहीत हेही बहुतेकांना गरज पडेपर्यंत माहीत नसते.

त्यानंतर बोनेट उघडावे. ऑइलची कांडी बाहेर काढून स्वच्छ पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. पहिल्यांदा काढल्यावर दिसणारी पातळी खरी नसते. आपले गाव टॉवेलचे असले, तरी कांडी पुसायला टॉवेल वापरू नये, त्याचे धागे सुटून इंजिनमध्ये जातात. जुन्या धोतराचे किंवा सुती सदऱ्याचे फडके उत्तम. पातळी कांडीवरील दोन खुणांच्या मध्ये हवी. खालच्या खुणेच्या खाली असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच ऑइल थोडे थोडे घालून पुन्हा पाहावे, कारण वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइलही इंजिनला अपायकारक असते. वापरलेले ऑइल काळे दिसणे साहजिक आहे. मात्र ते चहासारखे दुधाळ दिसले, तर त्यात कूलंट मिसळत असण्याची शक्यता असते आणि गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवावे.

कूलंटची पातळी प्लास्टिकच्या टाकीवर बाहेरून दिसते, त्यासाठी झाकण उघडावे लागत नाही. इंजिन गरम असताना हे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच दाब उतरून तो क्षणात उकळून तोंडावर, हातांवर उडतो. पातळी कमी असेल, तर बोअरचे पाणी घालण्याची सवय सोडावी. आपल्या भागातील बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. घागरीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि दोन उन्हाळ्यांनंतर गाडी गरम होऊ लागते. तयार कूलंट किंवा शुद्ध पाण्यात मिसळायचे कूलंटच वापरावे. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर गळती शोधली पाहिजे. भरत राहणे हा उपाय नव्हे.

ब्रेक ऑइलच्या बाबतीत हेच अधिक काटेकोरपणे लागू होते. त्याची पातळी हळूहळू उतरते, ती बहुधा ब्रेक पॅड झिजल्यामुळे. एकदम उतरली, तर कुठेतरी गळती आहे. दोन्ही प्रसंगी नुसते ऑइल भरून ठेवले, तर मूळ कारण झाकले जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे ते कमी तापमानाला उकळू लागते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट बुरशी आली असेल, तर ती स्वच्छ करून घ्यावी. बॅटरीचे आयुष्य थंडीपेक्षा उष्णता अधिक वेगाने कमी करते. बोनेट लावण्यापूर्वी वायरी कुरतडलेल्या आहेत का, हेही पाहावे, विशेषतः धान्याच्या गोदामाजवळ किंवा उसाच्या फडाशेजारी गाडी उभी राहत असेल तर.

बाहेरील दिवे एकट्याने तपासायचे असतील, तर संध्याकाळी गाडी एखाद्या बंद शटरसमोर आणि मग त्याला पाठ करून उभी करावी. हेडलाइट, डिपर, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट यांचा उजेड शटरवर स्पष्ट दिसतो. गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत, ही तपासणी चुकवू नये. त्या दिवसांत रात्री रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या असतात, त्यांतल्या कित्येकांना मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर, आणि एक हेडलाइट बंद किंवा भलतीकडे वळलेला असेल, तर ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेकसाठी अंतर उरत नाही.

आता डॅशबोर्डकडे वळू. चावी ऑन केल्यावर, पण सेल्फ मारण्यापूर्वी, बहुतेक इशाऱ्याचे दिवे एकदम पेटतात. बटणाच्या गाडीत साधारणपणे क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबल्यास ही स्थिती येते. ही दिव्यांची स्वतःची चाचणी असते. एअरबॅग आणि एबीएसचे (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) दिवे काही सेकंदांत विझतात, ऑइल आणि बॅटरीचे दिवे इंजिन सुरू झाल्यावर विझतात, तर हँडब्रेक आणि सीटबेल्टचे दिवे आपण ती कृती केल्यावर विझतात. दिवा विझला नाही तर दोष आहे, हे सर्वांना कळते. पण जो दिवा पेटायलाच हवा होता आणि पेटला नाही, तोही तितकाच संशयास्पद असतो. जुनी गाडी घेताना हे अवश्य पाहावे. एअरबॅगचा दोष लपवण्यासाठी दिवाच काढून टाकण्याचा प्रकार होतो, आणि नुसती गाडी सुरू करून फेरी मारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तो लक्षात येत नाही.

रंगांचा नियम सोपा आहे. लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा आणि निळा म्हणजे एखादी यंत्रणा चालू आहे एवढेच. निळा दिवा बहुधा अपरचा, म्हणजे हेडलाइटच्या लांब झोताचा असतो. काही गाड्यांत थंड इंजिनसाठी निळा थर्मामीटर दिसतो, तो दोन-तीन मिनिटांत आपोआप जातो.

लाल दिव्यांत सर्वांत तातडीचा दिवा नळी असलेल्या तेलाच्या कुपीचा असतो. तो ऑइलची पातळी नव्हे, तर ऑइलचा दाब गेल्याचे सांगतो. दाब नसताना इंजिनचे भाग एकमेकांवर कोरडे घासतात, आणि पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणणाऱ्याला कधीकधी अख्खे इंजिन उघडावे लागते. दिवा दिसताच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि थोड्या वेळाने पातळी पाहावी. पातळी बरोबर असूनही दिवा राहिला, तर गाडी टोइंग करूनच न्यावी. वळणावर किंवा ब्रेक दाबताना हा दिवा क्षणभर लुकलुकत असेल, तर ऑइल फार खाली गेलेले असू शकते.

लाल थर्मामीटर म्हणजे इंजिन गरम झाले आहे. एसी लगेच बंद करावा आणि थांबायला जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण चालू करावा. एप्रिलमध्ये हे असह्य वाटते, पण इंजिनची उष्णता बाहेर काढण्याचा तो खरा मार्ग आहे. थांबल्यावर इंजिन बंद करून निदान अर्धा तास वाट पाहावी आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये, त्याने इंजिनच्या वरच्या भागाला (हेडला) तडा जाऊ शकतो. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत गाडी गरम होते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच काटा खाली येतो, असे झाले, तर रेडिएटरचा पंखा आधी तपासावा. वेगात समोरून वारा मिळतो, रांगेत सगळी भिस्त पंख्यावर असते.

वर्तुळातील उद्गारचिन्हाचा लाल दिवा ब्रेकचा आहे. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही तो पेटलेला असेल, तर ब्रेक ऑइल कमी झालेले असण्याची शक्यता मोठी असते. पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, तर पुढे एक किलोमीटरही जाऊ नये. बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर चार्जिंग बंद पडले आहे आणि गाडी आता बॅटरीत उरलेल्या विजेवर चालते आहे. एसी आणि टेप बंद करून जवळचे गॅरेज गाठता येते, पण इंजिन मध्येच बंद करू नये, पुन्हा सुरू होईलच असे नाही. सोबत तापमानही चढत असेल, तर पट्टा तुटलेला असू शकतो आणि मग थांबावेच लागते.

पिवळ्या दिव्यांत इंजिनच्या आकृतीचा दिवा लोकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. तो स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. दोन-चार दिवसांत गॅरेजमध्ये स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पाहून घ्यावा. तो लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर इंजिनमध्ये इंधन नीट जळत नाही, आणि न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील महागडे, धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. तेव्हा वेग कमी करून लवकर थांबावे.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर आला, आणि फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीत तो तुंबून त्याचा दिवा लागतो. यावर पहिला उपाय फुकटात होणारा आहे: पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तुळजापूरच्या किंवा पुण्याच्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवली की काजळी जळून जाते. दिव्याकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष केले, तर मात्र फिल्टरचा खर्च मोठा असतो.

एबीएसचा पिवळा दिवा राहिला, तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाके अडकून गाडी घसरू शकते. एअरबॅगचा दिवा राहिला, तर अपघातात ती उघडेल यावर विसंबू नये. घसरणाऱ्या गाडीचे चित्र लुकलुकणे म्हणजे स्थिरतेची यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे; ते सतत पेटलेले राहिले, तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे. टायरचा दिवा लागला, तर चारही टायर मोजावेत.

महामार्गावर थांबावे लागलेच, तर गाडी शक्य तेवढी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, सर्वांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभे करावे आणि लाल त्रिकोण सुमारे पन्नास मीटर मागे ठेवावा. दगड आणि फांद्या रचून गाडी सुरू झाल्यावर ते तसेच सोडून जाणाऱ्यांमुळे रात्री दुचाकीस्वारांचे जीव जातात. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक चालतो.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी पेटलेल्या दिव्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि तो कोणत्या वेगाला, किती वेळ चालल्यावर, एसी चालू असताना की बंद असताना लागला, हे लिहून न्यावे, कारण मेकॅनिकसमोर उभे राहिल्यावर दिवा विझलेला असण्याची शक्यता बरीच असते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवून देतो असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. त्याने नोंदवलेला कोड पुसला जाऊ शकतो, बिघाड जागच्या जागी राहतो आणि खरे कारण शोधणाऱ्या पुढच्या मेकॅनिकच्या हाती काहीच लागत नाही.