कॉम्प्युटरचा स्पीकर भुणभुणतोय? स्क्रू काढण्याआधी एवढं करून बघा

सेलूत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पिशवीत स्पीकर घालून येणाऱ्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं: "दादा, गाणं लागतंय, पण मागनं सारखं गूंऽऽ वाजतंय." मी स्पीकर टेबलावर लावतो आणि तो एकदम गप्प. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी गिऱ्हाइकाकडे. दुकानात गप्प आणि घरी भुणभुण, म्हणजे दुखणं बहुतेक स्पीकरचं नाही, घरच्या लाईटचं आहे. ते मला इथं बसून कसं दुरुस्त करता येणार? म्हणून खेड्यापाड्यावरून एसटीत वूफर मांडीवर घेऊन येण्याआधी घरीच तपासा.

पहिल्यांदा स्पीकरचा आवाज पार शून्यावर आणा. तरीही गूं चालूच राहिला तर दोष स्पीकरच्या पोटात आहे; त्याचं खाली सांगतो. शून्यावर थांबला आणि बटण फिरवलं की वाढला, तर तो बाहेरून शिरतोय. आता कॉम्प्युटरमागची हिरव्या भोकातली पिन उपसा आणि मोबाईलला लावा. मोबाईल चार्जिंगला नको, नुसत्या बॅटरीवर. मोबाईलवर स्वच्छ वाजलं तर स्पीकर आणि त्याची वायर दोन्ही ठणठणीत आहेत. मोबाईलवरही भुणभुण आली तर वायर हलवून बघा. पिनेच्या मानेपाशी वायर वाकून वाकून आतली जाळी तुटते, आणि ती तुटली की गाण्यापेक्षा भुणभुण मोठी होते. पिन उघडी असताना टोकाला बोट लावून "बघा, आवाज करतंय" म्हणू नका. बोट लावलं की चांगला स्पीकरही गुणगुणतो, कारण आपलं अंग घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची लाईट ओढून घेतं.

मोबाईलवर गप्प आणि कॉम्प्युटरवर भुणभुण, असं निघालं तर सरळ अर्थिंगकडे जा. कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पत्र्याला उलट्या बोटांनी हलकेच शिवा. मुंग्या आल्यासारखं होतंय? हात लावला की गूं कमी होतोय? मग तुमच्या सॉकेटला अर्थिंग पोचतच नाही. त्याचं कारण असं: कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याला छोटे कंडेन्सर जोडलेले असतात, लाईटमधला बारीक कचरा, म्हणजे नको असलेली खरखर, अर्थिंगमध्ये सोडून द्यायला. अर्थिंग नसली की तो कचरा जाणार कुठं? पत्र्यावर 230 च्या निम्मे, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत बसतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण ऑडिओ वायरच्या जाळीतून तोच स्पीकरपर्यंत जातो.

वायरमन ओळखीचा असेल तर त्याला मल्टीमीटर घेऊन बोलवा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थिंग, दोन्ही जवळपास सारखे आले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. दहा-वीस दाखवत असेल तर अर्थिंगचा रॉड पुरलेला खड्डा सुकलाय किंवा वायर सुटलीय.

खड्डा सुकणं हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. पावसाळ्यात काळी माती ओली असते, तेव्हा अर्थिंग झकास लागते. चैत्र-वैशाखात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, रॉडभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावालाच उरते. "दिवाळीत घेतला तेव्हा बरा होता, उन्हाळ्यात बिघडला" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं? मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी टाका. प्यायलाच टँकरचं पाणी असेल तर भांडी धुतलेलं टाका, अर्थिंगला चालतं.

दोन गोष्टी मात्र मुळीच करू नका. भुणभुण थांबावी म्हणून थ्री-पिनची जाड पिन तोडू नका. कधी कधी आवाज थांबतोही, पण उद्या आत फेज पत्र्याला लागली तर शॉक तुम्हाला. आणि सॉकेटच्या मागं न्यूट्रलचा तुकडा अर्थिंगला जोडून "झाली अर्थिंग" म्हणणारे वायरमन असतात, त्यांना हात जोडा. न्यूट्रल कुठं तुटली तर अख्ख्या कॅबिनेटवर फेज येते.

अर्थिंग उत्तम असूनही गूं येतो का? मग दोन वाटांनी अर्थिंग लागलीय का बघा. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे आणि भजनाचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं: कॉम्प्युटर एका खोलीतल्या बोर्डावर, मोठा अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, मधे लांब ऑडिओ वायर. दोन्ही अर्थिंगमध्ये जरासा फरक असला की जाळीतून करंट वाहतो. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. टीव्हीही जोडलेला असेल तर केबलवाल्याची वायर काढून बघा. एवढ्यानंही नाही भागलं तर ऑडिओ वायरच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी बसवा. आत नुसते दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज पलीकडे जातो, अर्थिंग जात नाही.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. भुणभुण गेली की चोर चार्जर.

माऊस हलवला की किरकिर, फाईल कॉपी होताना चिरचिर, असा आवाज वेगळा ओळखा. तो लाईटचा नाही, मदरबोर्डचा. पुढच्या भोकातली पिन काढून मागच्या भोकात लावा, कारण पुढची वायर कॅबिनेटच्या आतून सगळ्या गर्दीतून येते. तरी राहिला तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लावा. आणि साउंडच्या सेटिंगमध्ये माईकचं 'लिसन' चालू राहिलेलं नाही ना, तेही बघा. माईकची खरखर स्पीकरमधून येत राहते आणि माणूस वायरी बदलत बसतो.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरच भुणभुण होत असेल तर तुमचा इन्व्हर्टर बहुतेक स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गोलाईदार लहरीऐवजी चौकोनी लहरीची लाईट देणारा आहे. स्पीकरला दोष देऊ नका. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या नंबरवर असतानाही असंच होतं. पंखा पाचवर करा, लगेच कळेल. स्पीकरजवळ मोबाईल ठेवला आणि फोन वाजायच्या आधी टक-टक-टर्रर्र आलं, तर तो टू-जीचा सिग्नल. मोबाईल हातभर लांब ठेवा.

आता पोटातला दोष. शून्यावरही येणारा जाडसर गूं हा बहुतेक फिल्टर कंडेन्सरचा. कानाला तो 50 ऐवजी 100 हर्ट्झचा, जरा वरचा लागतो, कारण डायोडच्या ब्रिजमधून लाईटच्या दोन्ही बाजू सरळ होऊन येतात. चांगल्या कंडेन्सरचं डोकं सपाट असतं आणि त्यावर फुलीसारखी खूण कोरलेली असते. गेलेल्याचं डोकं टम्म फुगतं, खूण ताणली जाते, कधी बुडाशी तपकिरी डाग दिसतो. उष्णतेनं हे लवकर मरतात. दर दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत वूफर ठेवणाऱ्यांनी हिशोब करावा. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि 85 ऐवजी 105 डिग्रीचा घ्या. सोल्डरिंग येत नसेल तर उघडू नका. वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो.

वूफरच्या खोक्याला कान लावल्यावरच गूं ऐकू येतो आणि स्पीकरच्या जाळीतून नाही, तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या ढिल्या झाल्यात. स्क्रू आवळा, खाली रबराचा वायसर टाका.

एवढं करूनही दुकानात यायची वेळ आली, तर स्पीकर एकटा आणू नका. त्याची पिनेची वायर आणि अ‍ॅडॉप्टरही आणा, आणि शून्यावर काय झालं, मोबाईलवर काय झालं, ते सांगा.