जुनं स्पिटफायर घेताना काय तपासाल

स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. आधी विमान नाही, कागद बघा. रॉयल एअर फोर्स म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या फॉर्म ७८ या कार्डावर विमान कधी कुठल्या स्क्वाड्रनकडे (तुकडीकडे) गेलं याची नोंद असते. त्यातला क्रमांक सांगाड्यावरच्या पाटीशी जुळवा. नुसती सुटी पाटी दाखवून कोणी भाव सांगत असेल तर सरळ उठा.

मग पंख. मुख्य स्पारच्या, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आडव्या कण्याच्या, वरच्या-खालच्या कडा म्हणजे एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्या. त्यांच्या फटीत पाणी शिरलं की धातू आतून खाल्ला जातो आणि बाहेर रंग चकचकीत! त्यामुळे उडवायचं असेल तर जुना स्पार वाचवायचा हट्ट नको. पत्रे जोडणारे मॅग्नेशियमयुक्त जुने रिव्हेटही ठिसूळ होतात, डोकी तुटतात, तेही बदला.

स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात सिलिंडर ब्लॉक आणि हेडच्या सांध्यातून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळतं. ऑइल दुधाळ दिसलं तर ते आत शिरलंय असं समजा.

किंमत? पी ९३७४ हे स्पिटफायर १९४० मध्ये फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर उतरलं, १९८० मध्ये वाळूतून निघालं आणि २०१५ मध्ये लिलावात सुमारे ३१ लाख पौंडांना गेलं. पैसे मोजले गेले ते मुख्यतः त्या क्रमांकाचे. पत्रा बहुतेक नवाच होता.