भाव बदलला, पण पानावर जुनाच: कॅशमधला शिळा माल कसा पकडावा

दुकानाने दुपारी आंब्याच्या पेटीचा भाव १,२०० वरून ९५० केला. डेटाबेसमध्ये ९५० आहे, पानावर मात्र १,२००च. आपण रेडिसमधली (डेटाबेसमधल्या माहितीच्या प्रती झटपट देण्यासाठी मेमरीत ठेवणारी कॅश) ती की, म्हणजे त्या भावाची नोंद, हाताने उडवतो, भाव बरोबर दिसतो, तिकीट बंद. आठ दिवसांनी तेच तिकीट पुन्हा दारात. मी हे दोनदा केलंय. की उडवली की पुरावाही जातो, हे तिसऱ्या वेळी डोक्यात शिरलं.

म्हणून आधी काहीही उडवू नका. शिळी प्रत कुठल्या थरात आहे ते शोधा. आतून बाहेर या: मुख्य डेटाबेसवर क्वेरी मारा, मग रेप्लिकावर (त्याच डेटाबेसच्या प्रतीवर), मग रेडिसमध्ये की वाचा, मग सीडीएन (पानांच्या प्रती ग्राहकाच्या जवळून देणारे मधले सर्व्हर) वगळून थेट अ‍ॅप सर्व्हरला कर्ल (कमांड लाइनवरून विनंती) करा, शेवटी सीडीएनमधून. ९५० चे १,२०० जिथे होतात, तो थर. सीडीएनच्या उत्तरात एज (Age) हेडर असेल तर प्रत किती सेकंद जुनी आहे तेही कळतं. पाच वेळा रिफ्रेश केल्यावर कधी जुना, कधी नवा भाव येत असेल तर बहुधा एखाद्या अ‍ॅप सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत कॅश आहे आणि ती कुणाच्या लक्षात नाही.

गुन्हेगार रेडिस निघाला तर त्या कीचा टीटीएल (उरलेली मुदत, सेकंदांत) विचारा. उणे २ म्हणजे की नाहीच. उणे १ म्हणजे की आहे, पण तिला मुदत नाही. ती आपणहून कधीच जाणार नाही. मुदत लावून ठेवलेल्या कीवर दुसऱ्या कुणी साधा सेट (किंमत लिहिण्याची कमांड) मारला की आधीची मुदत पुसली जाते. ती टिकवायची तर कीपटीटीएल हा पर्याय लागतो, तो रेडिस ६.० पासून आहे.

मग कीचं नाव तपासा. वाचणारा कोड ‘पेटी:४२:मराठी’ या नावाने ठेवतो आणि उडवणारा ‘पेटी:४२’ उडवतो, असं सर्रास होतं. डेल कमांड किती की उडाल्या तो आकडा परत देते. तो लॉगमध्ये लिहा. सतत शून्य येत असेल तर आपण हवेत दगड मारतोय. नाव एकाच फंक्शनमध्ये बनवा, दोन्हीकडून तेच बोलवा. (कीची शोधाशोध करताना लाइव्ह सर्व्हरवर कीज कमांड मारू नका, तेवढा वेळ बाकी सगळे खोळंबतात. स्कॅन वापरा.)

इथवर सोपं होतं. खरी मेख क्रमात असते. ट्रान्झॅक्शन कमिट होण्याआधीच, म्हणजे डेटाबेसमधला बदल पक्का होण्याआधीच, की उडवली, तर मधल्या क्षणी आलेली दुसरी विनंती डेटाबेसमधून जुना भाव वाचते आणि परत कॅशमध्ये ठेवते. तेव्हा की कमिटनंतरच उडवा. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी ऑन_कमिट आहे, रेल्समध्ये आफ्टर_कमिट.

एवढं करूनही एक फट उरते. पहिल्या विनंतीने १,२०० वाचले आणि ती जरा अडकली. तेवढ्यात दुसरीने ९५० लिहिले, कमिट केलं, की उडवली. मग पहिली जागी झाली आणि तिने १,२०० ठेवले. फेसबुकने २०१३ मध्ये आपल्या मेमकॅश (रेडिससारखीच मेमरीतली कॅश) व्यवस्थेवर शोधनिबंध छापला, त्यात यावर उपाय आहे: की सापडली नाही की मागणाऱ्याला एक टोकन मिळतं, मधे कुणी की उडवली तर टोकन बाद होतं आणि त्याने आणलेली किंमत घेतली जात नाही.

आपल्याला एवढा पसारा नको असेल तर टेबलात आवृत्तीचा आकडा ठेवा आणि कॅशमध्ये किमतीसोबत तोही लिहा. भाव बदलल्यावर की नुसती उडवू नका. उडवली तर तुलना कशाशी करणार? तिथे नवी आवृत्ती, नव्या भावासकट, लिहून ठेवा. आणि ‘हातातली आवृत्ती जुनी असेल तर लिहू नको’ ही तपासणी व लिखाण रेडिसच्या आत मधे न तुटता चालणाऱ्या एकाच लुआ स्क्रिप्टमध्ये करा, नाहीतर तीच फट दोन ओळींच्या मधे पुन्हा उघडेल. मागे पडलेल्या रेप्लिकातून आलेला जुना भावही यातच अडतो.

दुरुस्ती झाली हे कसं कळणार? टेस्टमध्ये डेटाबेस वाचणं आणि कॅशमध्ये ठेवणं यांच्या मधे दोन सेकंदांची झोप घाला आणि त्या दोन सेकंदांत दुसऱ्या थ्रेडमधून भाव बदला. महिन्यातून एकदा येणारा बग दर वेळी हजर होईल. आधी टेस्ट नापास होताना बघा, मगच कोडला हात लावा.

‘टीटीएल पाच मिनिटांवर आणू’ असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच. आणा, पण ती चिंधी आहे, टाका नाही. नेटवर्क तुटून कॅशपर्यंत नवा भाव पोचलाच नाही, तर तेवढ्यापुरती ती कामी येते.

आणि पैसे घेण्याच्या पानावर भाव थेट मुख्य डेटाबेसमधून वाचा. यादीत १,२०० दिसले तर फार तर फोन येतो. १,२०० कापले गेले तर परतावा द्यावा लागतो.