पटाशीच्या दाताचं जुनं सिमेंट निघालं, कोपराही गेला: पुढे काय?

आधी तुकडा शोधा. तो दाताचाच असेल तर पुष्कळदा परत चिकटवता येतो, म्हणून पाण्यात किंवा दुधात बुडवूनच न्या; कोरडा पडला की पांढराफटक होतो आणि रंग जुळत नाही. नुसतं सिमेंटच निघालं असेल तरी बरोबर न्या. त्याची आतली बाजू काळपट, बुळबुळीत दिसली तर कडेने कीड शिरली असण्याची शक्यता असते. तुकडा फेविक्विकने चिकटवायच्या भानगडीत पडू नका. लवंगेच्या तेलाने ठणका कमी होतो, पण त्यातलं युजेनॉल नव्या सिमेंटला नीट घट्ट होऊ देत नाही. लावलं असेल तर खुर्चीत बसल्याबसल्या सांगा.

गार पाणी लागल्यावर दोन-तीन सेकंद झिणझिणलं तर बहुधा नस शाबूत आहे. कळ मिनिटभर रेंगाळते, गरम चहा लागतो किंवा रात्री ठणकतं, तर बहुतेक रूट कॅनाल करावं लागतं. तुटलेल्या जागी गुलाबी ठिपका किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दात करडा पडला असेल तर दुखत नसला तरी नस मेलेली असू शकते, त्यामुळे एक्स-रे हवाच.

कोपराच गेला असेल तर बहुतेक वेळा कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या सिमेंटने, दात उभा करता येतो. इथून पुढचं काम डॉक्टरांचं. रंग सगळ्यात आधी ठरवायचा. तोंड उघडं ठेवून दात वाळला की तो फिका दिसतो आणि मग चुकीची शेड निवडली जाते. निवडलेल्या शेडच्या सिमेंटचा ठिपका दातावर नुसता ठेवून, सिमेंट घट्ट करणाऱ्या निळ्या लाईटने घट्ट करून बघणं, ही खात्रीची पद्धत.

मग जुनं सिमेंट आणि कीड पूर्ण काढायची. कीड राहिलेल्या जुन्यावर नवं थापलं तर ते परत निघू शकतं. पुढच्या बाजूची कड 1 ते 2 मिमी तिरकी घासतात, म्हणजे पकड वाढते आणि जोडाची रेघ लपते. त्यानंतर रबर डॅम, म्हणजे दात थुंकीपासून कोरडा ठेवणारा रबराचा पडदा. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि थुंकीचा एक थेंब पुढचं सगळं काम वाया घालवतो.

मग सिमेंटची पकड बसावी म्हणून 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड: इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरावर, 15 ते 30 सेकंद, त्याच्या आतल्या डेंटिनच्या थरावर 15 पेक्षा जास्त नाही. धुऊन वाळवल्यावर इनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर ॲसिड परत. डेंटिन मात्र किंचित ओलसर ठेवायचं, ठार कोरडं केलं की नंतर झिणझिण्या येतात. मग बाँड, म्हणजे सिमेंट चिकटवणारा द्रव, चोळून, हवेने पातळ करून, लाईट.

शेजारच्या दातांमध्ये पारदर्शक पट्टी घालून आधी मागचा पातळ पापुद्रा उभा करतात, मध्ये गडद अपारदर्शक शेड, वरून इनॅमलची. सगळं एकाच शेडमध्ये भरलं तर तोंडातल्या अंधारात दात राखाडी दिसू शकतो. एक थर 2 मिमीपेक्षा जाड नको आणि प्रत्येकाला साधारण 20 सेकंद लाईट. नाहीतर आतून कच्चा राहतो.

शेवटी दात कुठे टेकतो ते दाखवणाऱ्या निळ्या कागदावर चावून बघायचं. नुसतं टक्कर देऊन भागत नाही, खालचा जबडा पुढे सरकवूनही बघा. कडेवर ठळक निळा ठिपका उमटला तर तिथे घासून घ्यायचं. हा ठिपका राहून गेल्यानेच बरेच दात पुन्हा तुटतात.

अर्ध्याहून जास्त दात गेला असेल किंवा रूट कॅनाल झालं असेल तर कॅपचा विचार करावा लागतो. हिरडीच्या वर चहूबाजूंनी 1.5 ते 2 मिमी खरा दात शिल्लक नसेल तर नुसत्या पोस्टवरची (मुळात बसवलेल्या खुंटीवरची) कॅप फार टिकत नाही, मूळ चिरतं.

पहिले दोन दिवस डाग पडू नयेत म्हणून चहा आणि हळदीची आमटी जपून. पेरू, ऊस, भाजलेलं कणीस पटाशीच्या दातांनी तोडायचं नाही, दोरा तर नाहीच. रात्री दात खात असाल तर नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, करून घ्या. आठवड्यानंतरही जिभेला कड खरखरीत लागत असेल किंवा दात आधी टेकत असेल तर परत जा, घासायला पाच मिनिटं लागतात.