आयर्लंडचा क्लब धरायचा तर आधी पत्ता वाचा

मुंबईत बसून लिव्हरपूल किंवा मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांचं चाहतेपण निभावणं सोपं आहे. सामना सोयीच्या वेळी लागतो, जर्सी फॅशन स्ट्रीटवर मिळते आणि चर्चेला ऑफिसात चार माणसं असतात. आयर्लंडमध्येही पुष्कळांचं असंच चालतं. घराजवळचं मैदान सोडून पबमध्ये इंग्लंडचे सामने पाहणाऱ्यांना तिथे ‘बारस्टूलर’ म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. ज्यांना लीग ऑफ आयर्लंड या तिथल्या फुटबॉल लीगचा एखादा क्लब इथून खरोखर धरायचा आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. इंग्लंडचा क्लब त्यासाठी सोडायची गरज नाही. दोन्ही जपणारे आयरिश लोक भरपूर आहेत.

क्लब निवडताना

गुणतालिका उघडून पहिल्या नंबरचा क्लब उचलू नका. प्रीमियर डिव्हिजन या सर्वात वरच्या पायरीवर दहाच संघ आहेत. प्रत्येक संघ बाकी नऊ संघांशी चार-चार वेळा भिडतो, म्हणजे मोसमात 36 सामने. एवढ्या छोट्या लीगमध्ये वर-खाली पटकन होतं. शेवटचा संघ थेट खाली जातो आणि नवव्याला प्ले-ऑफ खेळून टिकावं लागतं. विजेता बघून निवडलेला क्लब तीन वर्षांत फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे नाव काहीही असलं तरी दुसऱ्या पायरीवर, दिसला तर तक्रार करायला जागा नाही. त्यापेक्षा नकाशा उघडा आणि मैदान कोणत्या वस्तीत आहे ते बघा.

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या उत्तरेला फिब्सबरो आहे. तिथे डॅलीमाउंट पार्क, बोहेमियन्सचं घर. क्लब 1890 चा, रंग लाल-काळा, आणि मालक म्हणजे सभासद. लालबाग-परळच्या मंडळात वर्गणीदार हिशेब विचारतो, तसा इथे सभासद विचारतो, आणि मतही देतो. पश्चिम डब्लिनच्या इंचिकोरमध्ये रिचमंड पार्कवर सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक खेळतो.

शॅमरॉक रोव्हर्स आणि शेलबर्न यांच्या बाबतीत मात्र पत्ता नीट वाचायला हवा. दोघांचाही जन्म नदीच्या दक्षिणेला, गोदीलगतच्या रिंग्जएंडमध्ये. शेलबर्नचं सध्याचं घर उत्तरेकडच्या ड्रमकोंड्रातलं टोल्का पार्क आहे. रोव्हर्सची हकिगत जास्त कडवट आहे. मिलटाउनमधलं त्यांचं ग्लेनमॅल्युअर पार्क 1987 मध्ये मालकांनी सोडलं, सामने टोल्का पार्कवर नेले आणि जुन्या जागेवर पुढे घरं उभी राहिली. समर्थकांनी तिथल्या ‘घरच्या’ सामन्यांवर बहिष्कार टाकला. त्यानंतर वीसेक वर्षं क्लब उसन्या मैदानांवर फिरत राहिला. 2005 मध्ये क्लब आर्थिक गर्तेत गेला तेव्हा समर्थकांनीच तो हातात घेतला, आणि 2009 मध्ये तो डब्लिनच्या टॅलाट उपनगरात स्थानिक कौन्सिलच्या स्टेडियममध्ये स्थिरावला. मैदान बिल्डरकडे जाताना पाहिलेल्या मुंबईकराला रोव्हर्सवाल्यांचा हा राग समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून रोव्हर्स निवडणार असाल तर चषकांची संख्या पाठ करण्याआधी 1987 वाचा.

डब्लिनबाहेर पर्याय कमी, पण ठसठशीत आहेत. डंडॉकची सुरुवात 1903 मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कामगारांच्या संघातून झाली. रेल्वे वसाहतीत वाढलेल्यांना तो जवळचा वाटेल. स्लायगो रोव्हर्स हा पश्चिम किनाऱ्यावरच्या लहान शहराचा, लोकांच्या मालकीचा क्लब. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबचा गाजलेला गोलवीर डिक्सी डीन 1939 मध्ये त्यांच्याकडून खेळला होता. कॉर्क सिटीचं टर्नर्स क्रॉस दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात आहे, आणि कॉर्कची माणसं डब्लिनला राजधानी मानायला फारशी राजी नसतात.

डेरी सिटीचं गाव उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अमलाखाली आहे, पण क्लब खेळतो सीमेपलीकडच्या लीगमध्ये. सुरक्षेच्या कारणावरून ब्रँडीवेल या घरच्या मैदानावर खेळू दिलं जात नव्हतं. 1972 मध्ये क्लब उत्तर आयर्लंडच्या ‘आयरिश लीग’मधून बाहेर पडला आणि 1985 मध्ये लीग ऑफ आयर्लंडमध्ये आला. शहराच्या नावावरूनही (डेरी की लंडनडेरी) तिथे वाद आहे. क्लबबद्दल बोलताना डेरी एवढंच म्हणा.

आयरिश म्हणून हमखास नाव निघतं ते सेल्टिकचं, पण तो स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा क्लब आहे, आयर्लंडचा नव्हे. स्लायगो परगण्यातून आलेल्या ब्रदर वॉल्फ्रिड यांनी 1887 मध्ये तिथल्या गरीब आयरिश वस्तीसाठी तो काढला, त्यामुळे आयर्लंडमध्ये त्याचे चाहते अगणित आहेत. पण ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबशी असलेल्या त्याच्या भांडणाला धर्म आणि राजकारण चिकटलेलं आहे. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाताना सेल्टिकची जर्सी बॅगेतच ठेवा, आणि अर्थ न समजता कोणतंही गाणं म्हणू नका.

मध्यरात्रीचं गणित

मोसम फेब्रुवारी ते नोव्हेंबर असतो. युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीगना सुट्टी असताना इथे ऐन रंग भरलेला असतो, तेव्हा ऑगस्ट-मेच्या सवयीनं वेळापत्रक शोधू नका. बहुतेक सामने शुक्रवारी संध्याकाळी 7:45 ला सुरू होतात. आयर्लंडचं घड्याळ उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेल्यावर, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, मुंबई साडेचार तास पुढे असते. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे 12:15. मोसमाच्या सुरुवातीला आणि शेवटी फरक साडेपाच तासांचा होतो, तेव्हा 1:15. नेहमीची चूक तारखेची. ‘शुक्रवार’ वाचून माणसं गुरुवारी रात्री जागतात. सामना आपल्या शनिवारी पडतो. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइम झोन डब्लिन निवडा, म्हणजे मार्च-ऑक्टोबरचा घोळ आपोआप टळतो. बँक हॉलिडेच्या, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या, सोमवारी आणि स्लायगोच्या शनिवारच्या सामन्यांची वेळ मात्र स्वतंत्र तपासा.

सामने लीगच्या एलओआय टीव्ही या स्ट्रीमिंग सेवेवर दिसतात. पैसे भरताना अडतं ते कार्डामुळे. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा लहान ठेवा, आणि हे काम दुपारीच उरका. बारा वाजता ओटीपीची वाट बघत बसलं की पहिला गोल हुकतो. तो विशिष्ट सामना भारतात दिसतो का, तेही पैसे भरण्याआधी एलओआय टीव्हीवरच बघा.

चारपाच जण जमणार असाल तर लॅपटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा. सामना संपायला दोन वाजून जातात, तेव्हा लोकल बंद असते आणि पहिली गाडी चारच्या सुमारास. विरारच्या माणसाला दादरला बोलावलंत तर गादीची सोय तुमचीच. रात्री दहानंतर स्पीकरला बंदी आहे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला डब्लिन डर्बीचं काही देणंघेणं नाही. आवाज टीव्हीपुरता ठेवा.

जर्सी आणि सभासदत्व

जर्सी क्लबच्याच दुकानातून मागवा. हे क्लब लहान आहेत, त्यामुळे एकेका विक्रीला तिथे अर्थ आहे. आयर्लंडचा 23 टक्के व्हॅट युरोपबाहेर पाठवताना वजा होतो का, ते पैसे भरण्याआधी बिलात पाहा. काही दुकानं करतात, काही नाही. इकडे दारात कस्टम ड्युटी आणि कुरिअरचा हाताळणी खर्च मागितला जातो. दोघातिघांनी मिळून मागवलं तर टपालखर्च वाटला जातो, पण पार्सलची किंमत वाढून ड्युटीही वाढते. खोक्यावर किंमत कमी लिहायला सांगू नका, पार्सल अडकतं ते बहुधा तिथेच.

सभासद व्हायचं असेल तर परदेशातून घेतात का, मताचा अधिकार मिळतो का आणि वर्गणी कधी नव्यानं भरायची, हे तिन्ही क्लबला ईमेलनं विचारा. उत्तर देणारा अनेकदा स्वयंसेवक असतो, त्याला आठवडा द्या.

डब्लिनला शिकायला किंवा नोकरीला निघालात तर तिकीट ऑनलाइन आधीच काढा. डॅलीमाउंटची तिकिटं अनेकदा आधीच संपतात. हे मैदान 2015 मध्ये डब्लिन सिटी कौन्सिलनं विकत घेतलं आणि पुनर्बांधणीची योजना आहे. तेव्हा निघण्याआधी बोहेमियन्सचे घरचे सामने सध्या कुठे होतात ते पाहून घ्या. बोहेमियन्स-शॅमरॉक रोव्हर्स सामन्याला पाहुण्या संघाच्या समर्थकांचं प्रवेशद्वार वेगळं असतं. रोव्हर्सचे हिरवे-पांढरे पट्टे घालून घरच्या बाजूला रांगेत उभं राहिलात तर गेटवरूनच परत पाठवतील.